तपकिरी रंग कुठे उमटला, ते आधी बघा
(वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण डॉक्टर आणि लॅब टेक्निशियन यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्याकडे मानेत गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो रास्तच आहे. पण त्या गाठीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कर्करोग निघाला, तर तो आला कुठून? फुप्फुसातून की थायरॉइडमधून? नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर दोघांत कधी कधी फरकच करता येत नाही. उपचार मात्र पार वेगळे. थायरॉइडच्या नेहमीच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आणि रेडिओआयोडीन, तर फुप्फुसाच्या पसरलेल्या रोगात जनुकतपासणी, केमो, नेमक्या जनुकदोषावरच्या गोळ्या.

मग आपण गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडी लावतो. ती ठरलेल्या प्रथिनाला चिकटते आणि तिथे तपकिरी रंग येतो. सगळ्यात जास्त मागवली जाते टीटीएफ-१ या प्रथिनाची अँटिबॉडी. फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात ती चारांपैकी साधारण तिघांत पॉझिटिव्ह येते. पण थायरॉइडच्या पेशींतही हेच प्रथिन असतं! म्हणजे एकट्या टीटीएफ-१ वर या दोघांचा निवाडा होत नाही. सोबत थायरोग्लोब्युलिन आणि पॅक्स-८ या प्रथिनांच्या अँटिबॉडी लावा, ते थायरॉइडकडे बोट दाखवतात. नॅप्सिन-ए फुप्फुसाकडे. पॅक्स-८ मूत्रपिंड आणि बीजांडकोशाच्या गाठींतही येतं, हे विसरू नका.

रंग पेशीच्या कुठल्या भागात आला, तेही बघायचं. टीटीएफ-१ आणि पॅक्स-८ केंद्रकात, नॅप्सिन आणि थायरोग्लोब्युलिन पेशीद्रवात. टीटीएफ-१ चा रंग नुसता पेशीद्रवात असेल, तर त्याला पॉझिटिव्ह म्हणू नका.

मेड्युलरी थायरॉइड कर्करोग, म्हणजे थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, तर भल्याभल्यांना चकवतो. टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, थायरोग्लोब्युलिन निगेटिव्ह. घाईत वाचणारा फुप्फुस लिहून मोकळा होतो. कॅल्सिटोनिन लावलं की उलगडा होतो. अ‍ॅनाप्लास्टिक, म्हणजे थायरॉइडच्या सगळ्यात आक्रमक कर्करोगात, बहुधा टीटीएफ-१ आणि थायरोग्लोब्युलिन दोन्ही गायब असतात, पॅक्स-८ कधी कधी टिकून राहतं.

आणखी एक फसवणूक. स्तनाचा कर्करोग फुप्फुसात पसरला असेल, तर गाठीत अडकलेल्या फुप्फुसाच्या निरोगी पेशी टीटीएफ-१ ने रंगतात आणि गाठच रंगली असं वाटतं. पण याच निरोगी पेशी आपल्या कामाच्याही आहेत. त्याच कापात त्या रंगल्या नसतील, तर निगेटिव्ह निकालावर माझा तरी विश्वास बसत नाही.

त्या का रंगत नाहीत? बरेचदा कारण तुमच्या बाटलीत असतं. सलाइनमध्ये टाकलेला तुकडा मे महिन्याच्या उन्हात एसटीने आला, तर पेशी वाटेतच सडायला लागतात. तुकडा काढल्या काढल्या दहा टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये टाका. फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. सहा तासांपेक्षा कमी नको आणि बहात्तर तासांपुढे नको. शनिवारी संध्याकाळी बाटली पाठवायची असेल, तर सोमवारी ती कोण उघडणार ते आधी फोनवर विचारून घ्या. फॉर्मवर आधीचं थायरॉइडचं ऑपरेशन, कुठलाही जुना कर्करोग आणि बिडी-तंबाखूची सवय लिहा. बायोप्सी बारीक असेल तर सगळ्या अँटिबॉडी एकदम मागू नका, कारण जनुकतपासणीलाही त्याच मेणाच्या ब्लॉकमधलं ऊतक लागणार आहे.