जन्मभराची नेमणूक

मंडळी, आधी एक खुलासा. आज ज्या फुटबॉलविषयी बोलणार आहे तो आपला फुटबॉल नव्हे. अमेरिकेत लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे पळणाऱ्याला धरून आडवा करतात. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, निम्मा खेळ कळला.

या खेळात अमॉस अलॉन्झो स्टॅग नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. जन्म १८६२ चा, मृत्यू १९६५ चा. म्हणजे १०२ वर्षं जगले, आणि त्यातली साठाहून अधिक वर्षं मैदानावर पोरं घडवण्यात गेली. येल विद्यापीठात ते धर्मोपदेशक व्हायला गेले होते. पण व्यासपीठावर उभं राहिलं की जीभ अडखळायची. ज्याला प्रवचन जमेना, त्याने पुढे आयुष्यभर मैदानावर ओरडून शिकवलं, ही गंमतच.

येलला त्यांना हिब्रू शिकवणारे विल्यम रेनी हार्पर शिकागोत नव्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांनी स्टॅगना बोलावलं. स्टॅग यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी, की हार्परांनी पगाराचा आकडा सांगितला आणि हे विचार करत गप्प बसले. हार्परांना वाटलं, आकडा कमी पडला. त्यांनी तो वाढवला. हे तरीही गप्प. शेवटी २५०० डॉलर आणि सहयोगी प्राध्यापकपद, तेही जन्मभरासाठी, इथवर गोष्ट आली. गप्प बसण्याचा इतका मोबदला मी तरी कुठे ऐकला नाही.

पण यातला पगार विसरा, प्राध्यापकपद लक्षात ठेवा. आपल्याकडेही महाविद्यालयांत 'शारीरिक शिक्षण संचालक' हे पद असतं, आणि जिमखान्याच्या सरांना शिक्षकांच्या खोलीत कसं वागवतात हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. शिकागोत १८९२ साली खेळ हा विद्यापीठाचा एक विभाग झाला आणि स्टॅग त्याचे प्रमुख. प्रशिक्षक तेच, संचालक तेच, जमाखर्च पाहणारेही तेच. पहिल्या हंगामात गडी कमी पडले तेव्हा तिशीचे हे प्राध्यापक स्वतःच संघातून खेळले.

कळसाचा दिवस ३० नोव्हेंबर १९०५. समोर मिशिगन, ५६ सामने न हरलेला संघ. दोन्ही बाजूंना काही केल्या गुण मिळेना. मग मिशिगनच्या एका खेळाडूने स्वतःच्या गोलरेषेमागे चेंडू पकडला, पळत बाहेर आला आणि शिकागोच्या गड्यांनी त्याला धडक देऊन पुन्हा रेषेमागे रेटला. त्याचे दोन गुण शिकागोला. अंतिम निकाल, २-०.

शिकागोच्या त्या संघाचा लाडका क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा गडी, वॉल्टर एकर्सॉल मात्र पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. हे मुद्दाम सांगतोय. स्टॅग स्वतः दारू-तंबाखूपासून दूर राहणारे, सचोटीचे. पण ज्या विभागाला अध्यक्षांखेरीज कुणी जाब विचारत नाही, तिथे खेळाडूच्या वह्या कोण तपासणार? हार्परांनी दिलेल्या मोकळिकीची ही दुसरी बाजू, आणि ती स्टॅगना दिसली असं मला वाटत नाही.

हार्पर १९०६ मध्ये गेले. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स हे तिशीचे अध्यक्ष आले. त्यांना फुटबॉलचं कौतुक नव्हतं. सत्तरीला निवृत्तीचा नियम पुढे आला आणि स्टॅगना १९३२ च्या हंगामानंतर जावं लागलं. 'जन्मभर' हा शब्द देणाऱ्याच्याच जन्मापुरता असतो. दुसरं, बिनमैदानाचं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. १९३९ मध्ये त्याच मिशिगनने शिकागोला ८५-० असं धुतलं आणि त्याच वर्षअखेर विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

मैदानाला स्टॅग यांचं नाव होतं, ते तसंच राहिलं. २ डिसेंबर १९४२ रोजी पश्चिमेकडच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, एका रॅकेट कोर्टात, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. फुटबॉल तोवर तिथून गेला होता.

आणि स्टॅग? ते कॅलिफोर्नियात, स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये होते. १९४३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशभरच्या प्रशिक्षकांनी त्यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. (युद्धामुळे नौदलाचे प्रशिक्षणार्थी संघात आले होते, हा नशिबाचा भागही सांगायला हवा.) तिथेही १९४६ नंतर थांबावं लागलं, तर पेनसिल्व्हेनियातल्या सस्केहॅना विद्यापीठात मुलाच्या जोडीला जाऊन उभे राहिले. १९५१ च्या हंगामात बापलेकांचा तो संघ एकही सामना हरला नाही. पुढे पत्नी स्टेला आजारी पडल्या. सामन्यांत कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक चाल टिपून ठेवणाऱ्या त्या. त्यांच्यासाठी स्टॅग पेनसिल्व्हेनियाला जाणं थांबवून स्टॉकटनलाच राहिले. तिथल्याच एका छोट्या कॉलेजात, नव्वदी ओलांडल्यावर, ते पोरांना चेंडूला लाथ कशी मारायची हे दाखवत राहिले.