परळमधला १९६५चा प्रयोग

श्रोतेहो, नमस्कार.

परळचं केईएम आणि डॉ. पी. के. सेन ही नावं एकत्र आली की जाणत्यांना १९६८ची हृदयरोपणाची शस्त्रक्रिया आठवते. त्याच्या तीन वर्षं आधी, मे १९६५मध्ये, याच रुग्णालयात मूत्रपिंड बसवण्याचा भारतातला पहिला प्रयत्न झाला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ज्या रुग्णावर तो झाला, त्याची मूत्रपिंडं निकामी झालेली नव्हती, तर मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ होती. बसवलेलं मूत्रपिंड मृत व्यक्तीचं होतं. रुग्ण वाचला नाही.

मग अडलं कुठे? मला तरी वाटतं, टाके घालण्यात नाही. नवं मूत्रपिंड ओटीपोटात, जांघेच्या थोडं वर बसवतात. जुनी बहुतेक वेळा जागच्या जागी राहू देतात. रक्तवाहिन्या जोडायच्या, मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडायची. त्यात सेनांचा हात बसलेला होता.

पण शस्त्रक्रियेपर्यंत रुग्णाला तगवायचं तर डायलिसिस हवं, आणि ती सोय तेव्हा देशात मोजक्याच ठिकाणी. पुढे शरीर परक्या अवयवावर उलटतं, ते वेगळंच. बॉस्टनला १९५४मध्ये डॉ. जोसेफ मरे यशस्वी झाले, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांना अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड या औषधांचा आधार. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते, आणि आपल्याकडे क्षयासारखे रोग टपलेलेच असतात! शिवाय मेंदूमृत्यू, म्हणजे हृदय चालू असताना मेंदू कायमचा बंद पडणं, ही गोष्ट आपल्या कायद्यात नव्हती. हृदय थांबेपर्यंत वाट पाहायची, आणि रक्त थांबलं की मूत्रपिंड बिघडायला लागतं.

१९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यश आलं, ते जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाने. पुढची वाट तिथूनच ठरली. घरातलं कुणीतरी पुढे यायचं. १९८०नंतर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं नवं औषध आलं, परक्याचं मूत्रपिंडही टिकू लागलं, आणि गरिबांच्या मूत्रपिंडांचा बाजार उभा राहिला. मुंबईही त्यात होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

तो रोखायला आणि मेंदूमृत्यूला मान्यता द्यायला संसदेने १९९४चा कायदा केला. असा कायदा करा म्हणून आधी ठराव करणाऱ्या राज्यांत हिमाचल प्रदेशासोबत महाराष्ट्र आणि गोवा होते. आजही आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडं जिवंत दात्यांकडूनच येतात, आणि या दात्यांत आया आणि बायकाच जास्त आहेत.