मार सोसण्याची तालीम

बालमित्रांनो, नमस्कार. गॅदरिंग जवळ आलं की नाटकाच्या तालमी सुरू होतात ना? आज मी तुम्हाला एका वेगळ्याच तालमीबद्दल सांगणार आहे.

१९५९ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात कॉलेजची मुलंमुली चर्चमध्ये जमायची. काही जण खुर्च्यांवर बसायचे. बाकीचे त्यांना ढकलायचे, घाणेरड्या शिव्या द्यायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे. बसलेल्यांनी हात उचलायचा नाही की उलट बोलायचं नाही. फार अवघड आहे हे. आपल्याला नुसतं कुणी चिडवलं तरी किती राग येतो!

हे कशासाठी? तिथल्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसांना साबण, वह्या, कपडे विकत मिळायचे. पण त्याच दुकानातल्या खानावळीत बसून खाता येत नसे. ती जागा फक्त गोऱ्यांची. पैसे चालायचे, माणूस चालत नसे.

ही तालीम घेणारे जेम्स लॉसन आपल्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात राहून गेले होते. गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी भारतात राहून अभ्यासला होता.

१ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी अशाच एका दुकानातल्या खानावळीत जाऊन बसले. कॉफी मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. मग १३ तारखेला नॅशव्हिलची मुलंही आपल्या शहरातल्या खानावळींकडे निघाली. नीटनेटके कपडे घालून गेली, तिथे पुस्तकं उघडून अभ्यास करत बसली. २७ तारखेला गुंडांनी त्यांना स्टुलांवरून खाली ओढलं, मारलं. पोलिसांनी पकडलं कुणाला? मार खाणाऱ्यांनाच! पण एक तुकडी गाडीत चढली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची.

एप्रिलमध्ये या मुलांच्या वकिलांच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्यानं चालत महापौरांकडे गेले. डायन नॅश ही कॉलेजात शिकणारी मुलगी पुढे झाली. केवळ रंगावरून माणसात भेद करणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का, असं तिनं त्यांना सरळ विचारलं. सगळ्यांसमोर महापौर म्हणाले, हो, चूक आहे.

१० मे १९६० ला त्या खानावळींत काळी माणसं पहिल्यांदा स्टुलावर बसली आणि त्यांच्यापुढे खाणं आलं.