चार हजार उत्तरपत्रिका

(दृश्य : न्यूयॉर्क, हार्लेम. टेकडीवरील काळसर दगडी इमारत, कमानींना पांढऱ्या नक्षीची किनार.)

हे न्यूयॉर्क शहराचे सिटी कॉलेज आहे. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजात पदवीच्या विद्यार्थ्यांना १९७६ पर्यंत शिक्षण शुल्क द्यावे लागत नसे, आणि त्यामुळे ज्यांच्या घरात आधी कोणीही कॉलेजची पायरी चढले नव्हते अशा स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या कित्येक पिढ्या येथे शिकून बाहेर पडल्या. मात्र प्रवेशाला लागणारे गुण वाढत गेले आणि १९६० च्या दशकात अशी स्थिती आली की, ज्या वस्तीत हे कॉलेज उभे आहे त्याच वस्तीतील मुले येथे क्वचितच दिसत. एप्रिल १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या दक्षिण आवाराचे दरवाजे बंद करून आंदोलन केले. त्यानंतर सिटी युनिव्हर्सिटीने, म्हणजे ज्या विद्यापीठाचा हे कॉलेज एक भाग आहे त्याने, १९७५ साठी आखलेली योजना पाच वर्षे अलीकडे आणली : शहरातील शाळेतून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या कॉलेजात जागा मिळेल. आदल्या वर्षी सुमारे २०,००० असलेली प्रथम वर्षाची संख्या १९७० मध्ये ३५,००० च्या आसपास पोहोचली.

दार उघडले, पण आत आलेल्या मुलांना कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवणे बाकी होते. त्यासाठी प्लेसमेंट चाचणी घेतली जाई. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटले की कॉलेजात येणाऱ्या कंपन्या आणि नोकरीचे पत्र डोळ्यांसमोर येते. येथे तो अर्थ नाही. येथे प्रवेश आधीच झालेला असतो आणि विद्यार्थ्याने गणिताची किंवा लेखनाची सुरुवात कोणत्या पायरीवरून करायची, एवढेच या चाचणीने ठरवायचे असते. हे 'एवढेच' फार मोठे आहे, कारण खालच्या पायरीवरील पायाभूत वर्गाला बहुधा श्रेयांक नसतात. त्या वर्गात विद्यार्थ्याचा वेळ जातो, पुढे शुल्क सुरू झाल्यावर पैसाही जातो, आणि पदवी मात्र होती तितकीच दूर राहते.

(दृश्य : रेघांचा कागद, शाईचे अक्षर.)

मिना शॉनेसी १९६७ मध्ये सिटी कॉलेजात शिकवू लागल्या आणि पुढे पायाभूत लेखनाच्या कार्यक्रमाची धुरा त्यांच्याकडे आली. १९७० ते १९७४ या काळात नव्या विद्यार्थ्यांनी या चाचणीत लिहिलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी अभ्यासासाठी घेतले. एरवी अशा कागदांचे काम वर्ग ठरला की संपते. शॉनेसी यांनी ते पुन्हा वाचायला घेतले, आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

त्या कागदांवर काय होते? कुठे पहिले वाक्य सुरू करून खोडलेले, पुन्हा सुरू करून पुन्हा खोडलेले, आणि शेवटी उरलेल्या वाक्यात आधीच्या प्रयत्नांचे तुकडे असे अडकलेले की त्याचा कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे. घाईने वाचणारा परीक्षक म्हणेल की या मुलाला वाक्य लिहिता येत नाही. शॉनेसी यांना त्यात चुकीच्या धास्तीने दर दोन शब्दांनी थबकणारा लेखक दिसला. कुठे इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाला लागणारा 'स' गळलेला, तर कुठे तो नको त्या ठिकाणी लागलेला. घरी 'पानी' म्हणणारे मूल शाळेत 'ण'चा धाक घेऊन 'मन'चेही 'मण' लिहून बसते, तसेच हे आहे : नियम कळलेला असतो, त्याची हद्द अजून कळलेली नसते. चुकांना स्वतःचे तर्कशास्त्र असते आणि ते शोधता येते, ही मांडणी शॉनेसी यांनी १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेत पायाभूत लेखन हे अभ्यासाचे स्वतंत्र क्षेत्र म्हणून उभे राहण्यास तिचा मोठा हातभार लागला.

पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच १९७८ मध्ये विद्यापीठाने वाचन, लेखन आणि गणित यांच्या एकसमान चाचण्या सर्व कॉलेजांसाठी सुरू केल्या. लेखनाच्या चाचणीत ५० मिनिटांत एक निबंध लिहायचा, तो दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे वाचायचा आणि प्रत्येकाने एक ते सहा यांपैकी एक आकडा द्यायचा. विद्यार्थ्यांची संख्या पाहता अशी पद्धत अपरिहार्य होती हे मान्य केले, तरी तिच्यात कागदावरून वर्गाकडे जात होता तो केवळ आकडा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पदवीच्या चार वर्षांच्या कॉलेजांतून पायाभूत वर्ग काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि चाचणीत कमी पडणाऱ्या विद्यार्थ्यांची वाट कम्युनिटी कॉलेजांकडे, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या कॉलेजांकडे, वळली. जागा ठरवण्यासाठी आणलेली चाचणी अशा रीतीने दारावर येऊन उभी राहिली.

तो आकडा तरी खरा होता का? सिटी कॉलेजपासून थोडेच दक्षिणेला असलेल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास हा प्रश्न कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या नोंदी घेऊन तपासला. गणितात सुमारे चौघांपैकी एकाची आणि इंग्रजीत तिघांपैकी एकाची जागा सपशेल चुकत होती. शिवाय एका सकाळच्या चाचणीपेक्षा शाळेतील अनेक वर्षांचे गुण भविष्याचा अंदाज अधिक चांगला देत होते. सपशेल चुकणे दोन्ही बाजूंनी होते, परंतु ज्यांना वरचा वर्ग झेपला असता अशांना खाली बसवण्याची चूक अधिक वेळा होत होती.

(दृश्य : वर्गातील फळा, त्यावर वारंवारतेचा स्तंभालेख.)

२०१३ मध्ये सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत एक प्रयोग झाला. पायाभूत बीजगणिताकडे पाठवलेल्या ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली गेली. एका गटाने नेहमीचा बीजगणिताचा वर्ग केला, दुसऱ्याने तोच वर्ग जादा कार्यशाळेसह केला, आणि तिसऱ्याला थेट पदवीच्या संख्याशास्त्राच्या वर्गात बसवून आठवड्याला दोन तासांची कार्यशाळा जोडून दिली. पहिल्या गटात ३९ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तिसऱ्यात ५६ टक्के. बीजगणित आणि संख्याशास्त्र हे वेगळे विषय आहेत, त्यामुळे ही तुलना वजनकाट्यासारखी नेमकी नाही. पण चाचणीने ज्यांना पदवीच्या गणितासाठी अपात्र ठरवले होते, त्यांतील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी पहिल्याच सत्रात ते गणित पार केले, ही वस्तुस्थिती कशानेही पुसली जात नाही.

२०२३ मध्ये विद्यापीठाने जुन्या पद्धतीचे श्रेयांकविरहित पायाभूत वर्ग संपुष्टात आणल्याचे जाहीर केले. आता ज्याला मदत लागेल तो पदवीच्याच वर्गात बसतो आणि मदत त्या वर्गाला जोडून येते. जागा ठरवताना शाळेचे गुण आधी पाहिले जातात. ही व्यवस्था अधिक न्याय्य आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. तिच्यात एक उणीव राहते : नवा विद्यार्थी वर्गात पाऊल टाकतो तेव्हा त्याने लिहिलेले एक पानही कोणी वाचलेले असेलच असे नाही. ते वाचन आता वर्गातच व्हावे लागते, किंवा २०१३ च्या प्रयोगात होत्या तशा कार्यशाळांत, जिथे विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून त्यांची खोडलेली गणिते पाहणारी मुले-मुली याच विद्यापीठात वरच्या वर्षाला शिकत होती किंवा नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडली होती.