ठेका कुणाचा, नाव कुणाचं

[पडदा काळा. फक्त ड्रम्स, सुमारे ७ सेकंद.]

हा ठेका तुम्ही ऐकलेला आहे. कोणत्या गाण्यात, ते चटकन सांगता येणार नाही, पण कानाला तो ओळखीचा आहे. रॅपमध्ये, जाहिरातींत, व्हिडिओ गेममध्ये, डान्स म्युझिकच्या अनेक प्रकारांत तो वाजून गेलाय.

१९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी सोल बँडची एक रेकॉर्ड आली. एका बाजूला ‘कलर हिम फादर’ हे गाणं होतं, ते गाजलं. दुसऱ्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाची वाद्यरचना होती. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं गप्प होतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा वाजवतो. चार मात्रांची चार आवर्तनं, बस्स. पहिली दोन सरळ जातात. तिसऱ्यात स्नेअर या छोट्या ड्रमचा एक ठोका किंचित उशिरा पडतो. चौथ्यात पहिली मात्राच रिकामी सुटते आणि पुढे झांज आपण अपेक्षा करतो त्याच्या आधीच फुटते. याच अडखळण्यात त्या ठेक्याची सगळी जादू आहे.

१९७३पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून ड्रम्सचे असे तुकडे लांबवत होता. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, हाताशी आला आणि जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापणं, हळू करणं, पुन्हा पुन्हा वाजवणं सोपं झालं. कोलमनचा ठेका हिप-हॉपमध्ये गेला. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या तरुणांनी त्याचा वेग वाढवला, त्याचे बारीक तुकडे केले, उलटसुलट जोडले, आणि जंगल व ड्रम अँड बेस हे डान्स म्युझिकचे प्रकार त्यावर उभे राहिले. आज तो हजारो गाण्यांत आहे.

कोलमनला त्याबद्दल एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली अटलांटात तो वारला, तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सरकडे रचनेचे हक्क होते, पण आपला ठेका जगभर वाजतोय हे त्यांनाही १९९६मध्ये कळलं. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. कोलमन तोवर जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मग ही चोरी म्हणायची का?

थांबा. ‘आमेन, ब्रदर’ तरी कुठून आलं होतं? ‘आमेन’ या भक्तिगीताची चाल उचलून बँडनं ती आपल्या ढंगात वाजवली होती. म्हणजे उसनवारीतून जन्मलेल्या रचनेतूनच पुढची उसनवारी झाली. संगीत असंच पुढे सरकतं, आणि त्याला माझा काडीचाही आक्षेप नाही. ज्यांनी त्या सात सेकंदांतून अख्खा नवा प्रकार घडवला, त्यांना मी चोर म्हणणार नाही. कापणं आणि जोडणं हीसुद्धा कारागिरी आहे, आणि ती ज्याला जमते त्याचा कान साधा नसतो. माझी तक्रार वेगळी आहे. एवढा सगळा डोलारा ज्याच्या हातावर उभा राहिला, त्या माणसाची विचारपूसही कुणी केली नाही.

[जुना ड्रमसेट, जवळून.]

ड्रमर क्लाईड स्टबलफील्डचंही हेच झालं. गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ठेका त्याच्या हातचा. हिप-हॉपनं तो अक्षरशः घासून घासून वापरला. रचनाकार म्हणून नाव मात्र ब्राउनचं लागलं आणि स्टबलफील्ड पगारी वादकच राहिला. म्हणजे नंतर कुणी रीतसर परवानगी घेऊन पैसे भरले, तरी ते पैसे ज्याच्या हातचा ठेका त्याच्यापर्यंत पोचलेच नसते.

कागद एकाच्या नावावर आणि सूर दुसऱ्याचा. या वादाची खरी गाठ मला इथे दिसते.

सॉलोमन लिंडा हा झुलू गायक. १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये आपल्या साथीदारांसह त्यानं ‘मबुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं. मबुबे म्हणजे सिंह. रेकॉर्डिंग संपत आलं असताना, खाली बाकीच्यांचे खर्जातले सूर चालू असताना, लिंडानं वरच्या पट्टीत एक ओळ आयत्या वेळी घेतली. आधी ठरवलेली नव्हती, गळ्यातून आली. तीच पुढे जगभर गुणगुणली गेली. गाण्याचे हक्क त्यानं १० शिलिंगांना विकून टाकले होते. अमेरिकेत ‘द वीव्हर्स’नी तेच गाणं ‘विमोवे’ म्हणून गायलं. १९६१मध्ये ‘द टोकन्स’नी ते इंग्रजी शब्दांत गायलं, ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६२ साली लिंडा गरिबीतच वारला. पुढे ते गाणं ‘द लायन किंग’ या सिनेमातही आलं. कुटुंबानं खटला भरला, आणि २००६मध्ये तडजोड होऊन लिंडाचं नाव व मानधनातला वाटा मान्य झाला. चाळीसहून जास्त वर्षं गेली त्यात.

कायदा मधे पडला, हे खरं. १९९१ साली रॅपर बिझ मार्कीनं परवानगीशिवाय एका जुन्या गाण्याचा तुकडा वापरला, तेव्हा न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या आज्ञेनं केली: चोरी करू नकोस. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला परवाना लागू लागला. डझनावारी तुकडे जोडून गाणं रचणं श्रीमंतांनाच परवडू लागलं. ज्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, वाद्यं नव्हती, फक्त जुन्या रेकॉर्डी होत्या, त्यांनीच ही कला जन्माला घातली होती. दार बंद झालं ते त्यांच्यासाठी.

त्यानंतर पाळी आली ढंगाची. २०१५मध्ये ज्यूरीनं ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्याचे रॉबिन थिक आणि फॅरेल विल्यम्स यांना सोल गायक मार्विन गे यांच्या १९७७च्या गाण्याबद्दल दोषी ठरवलं. सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डचा तुकडा, घेतलेलं नव्हतं, चाल जशीच्या तशी उचललेली नव्हती, साम्य जास्त करून बाजाचं होतं. २०१८मध्ये अपिलातही निकाल टिकला, पण न्यायाधीश जॅकलिन गुयेन यांनी वेगळं मत नोंदवलं: यातून संगीताच्या शैलीवरच मालकी सांगता येईल. मी त्यांच्या बाजूचा आहे. बाज कुणाच्या एकट्याच्या बापाचा नसतो. २०२३मध्ये ब्रिटिश गायक एड शीरनवर असाच आरोप झाला, तेव्हा त्यानं कोर्टात गिटार घेऊन दाखवून दिलं की वादातले ते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, किती गाण्यांत येतात. तो सुटला, आणि ते बरं झालं.

[व्हायोलिनांचा समूह. गोल फिरणारा आकार.]

आता हे ऐका. १९९७, ‘द व्हर्व’ या बँडचं ‘बिटर स्वीट सिम्फनी’. व्हायोलिनांची ही ओळ अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डवरून घेतली आहे, आणि ती रेकॉर्ड म्हणजे ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘द लास्ट टाइम’ची ऑर्केस्ट्रानं वाजवलेली आवृत्ती. बँडनं परवानगी मागितली होती. तरी ठरल्यापेक्षा जास्त वापरलं, या आरोपावरून गीतकार रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टचे सगळे हक्क गेले आणि श्रेय मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स यांच्या नावावर चढलं. मजा म्हणजे ‘द लास्ट टाइम’चं धृपदही ‘स्टेपल सिंगर्स’नी पन्नासच्या दशकात गायलेल्या एका भक्तिगीताच्या फार जवळ जातं. २०१९मध्ये जॅगर आणि रिचर्ड्स यांनी आपला हक्क सोडला, गाणं अ‍ॅशक्रॉफ्टला परत मिळालं. आनंदाची गोष्ट आहे.

पण ती व्हायोलिनांची ओळ, जिच्यावरून एवढं रामायण झालं, ती ना स्टोन्सच्या मूळ गाण्यात आहे, ना अ‍ॅशक्रॉफ्टची आहे. ती त्या ऑर्केस्ट्रासाठी डेव्हिड व्हिटेकर या संगीत संयोजकानं लिहिली. २०१२ साली तो वारला. गाण्याच्या श्रेयनामावलीत आधी जॅगर आणि रिचर्ड्स होते, आता अ‍ॅशक्रॉफ्ट आहे. त्यात व्हिटेकर कधीच नव्हता.