हयातीचा दाखला

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. अंगणात खाट. सकाळचं कोवळं ऊन.]

नोव्हेंबरात नागपूरचं ऊन अंगाला गोड लागतं. मे महिन्यात याच उन्हाच्या नावानं अख्खं शहर बोटं मोडत असतं. आता त्यातच खाट टाकली आहे आणि खाटेवर मोठी आई बसली आहे. वय 97. हातात संत्रं.

ते ती लगेच सोलत नाही. आधी नाकाशी नेते. मग अंगठ्यानं देठाची जागा चाचपते आणि तिथं नख रुतवते. साल निघायला पाच-सात मिनिटं जातात. मग एकेका फोडीवरचा पांढरा धागा बोटांनी ओढून काढायचा. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटांना कळतो. फोड साफ झाली की ती समोरच्याच्या पुढे धरते. "आंबट आहे का रे?" स्वतः खात नाही. आंबटानं तिला खोकला येतो.

माझ्या वडिलांची ही मोठी आई, म्हणजे त्यांच्या थोरल्या काकांची, मोठ्या बाबांची बायको. पुढे सगळ्या घराचीच मोठी आई झाली. मोठे बाबा रेल्वेत होते. ते जाऊन 40 वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिला पेन्शन मिळते. पेन्शन हवी तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. त्या कागदाचं नाव हयातीचा दाखला. आज तो काढायचा आहे.

पूर्वी तिला ऑटोत घालून बँकेत न्यायचे. टेबलामागचा माणूस कागद बघून मोठ्यानं नाव वाचायचा, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. ती दचकायची. घरी आल्यावर दोन दिवस सांगत राहायची, "आज मला नावानं हाक मारली."

मग बोटांचे ठसे घेणारं यंत्र आलं. राखेनं भांडी घासून, जात्यावर दळून तिच्या बोटांच्या रेघा केव्हाच झिजलेल्या. एका वर्षी दहाही बोटं लावून झाली, ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लावून झाली. यंत्र काही हो म्हणेना. बाई समोर खुर्चीत बसलेली, पाणी मागून राहिली, आणि यंत्राच्या लेखी ती नाहीच. त्या दिवशी टेबलामागच्या माणसानंही हात वर केले होते. "मशीन घेत नाही तर मी काय करू?"

आता मोबाइलसमोर चेहरा धरला की होतं म्हणतात. बघू.

[दृश्य: भिंतीवर वाढदिवसाचा फोटो. निरांजनांचं ताट, मधोमध मोठी आई.]

हा फोटो सहस्रचंद्रदर्शनाचा. 81 वं वर्ष सरत आलं की माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन जातात. तिच्या त्या दिवसाला 16 वर्षं झाली. घरातल्या सगळ्यांनी वाकून नमस्कार केला आणि तिनं सगळ्यांना एकच आशीर्वाद दिला, "शतायुषी व्हा."

किती सहज देतो आपण हा आशीर्वाद! लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी 'चि.' लावतो, तो चिरंजीवाचा. पण परंपरेनं मोजलेल्या सात चिरंजीवांमध्ये हनुमानाबरोबर अश्वत्थामाही आहे, हे पत्रिका छापताना कुणाच्या ध्यानात येत नाही. कपाळावरची जखम भळभळत ठेवून तेल मागत फिरणारा अश्वत्थामा. त्याला ते शाप म्हणून मिळालं होतं.

वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर येणारं 'जीवेम शरदः शतम्' पाठ नसलेलं मराठी घर विरळाच. ते यजुर्वेदातलं आहे, आणि आपण त्यातला नेमका मधला तुकडा उचलला. मूळ मंत्रातलं पहिलं मागणं आहे 'पश्येम शरदः शतम्'. शंभर शरद पाहू दे. जगू दे, हे त्याच्या नंतर. मग ऐकू दे, बोलू दे. आणि मग 'अदीनाः स्याम शरदः शतम्', शंभर वर्षं कुणापुढे दीन न होता राहू दे. एवढ्या अटी घातल्यावर तो ऋषी म्हणतो, शंभराच्या पुढेही चालेल. मला विचाराल तर त्यानं सौदा फार हुशारीनं केला होता. आपण अटी गाळल्या आणि आकडा तेवढा ठेवला.

मोठी आईला दिसत नाही. ऐकू येतं, पण तिच्या मर्जीनं. बोलते भरपूर. अदीन आहे का? तिला आंघोळ घालायला रोज सकाळी एक ताई येते. पहिल्या दिवशी या ताईसमोर लुगडं सोडताना मोठी आई रडली होती. हे मला काकूनं सांगितलं, आवाज खाली करून.

[दृश्य: स्वयंपाकघर. काकू गोळ्यांच्या दोन डब्या भरताहेत.]

या दोन डब्या नीट बघा. एक मोठी आईची. दुसरी काकांची, म्हणजे तिच्या मुलाची. त्यांचं वय 74, दोन्ही गुडघे बदललेले, रक्तदाब आहे. डब्या भरणाऱ्या काकू सत्तरीच्या. रात्री आईला उठवायचं तर काका आधी स्वतः भिंत धरून उठतात. लांबलेल्या आयुष्याच्या गोष्टीत हे माणूस कुठेच नसतं. शंभरीच्या बातमीत फोटो असतो तो खुर्चीतल्या आजीचा. खुर्चीमागं उभी असलेली सत्तरीची सून कापली जाते. ज्येष्ठ नागरिकाची काळजी ज्येष्ठ नागरिकानंच घ्यायची, असं हे घर आहे, आणि महालात, धंतोलीत, धरमपेठेत अशी घरं वाढत चालली आहेत. नातवंडं पुण्यात, बंगळुरूत.

काका म्हणाले, "मी अजून कोणाचा तरी मुलगा आहे, हे बरंही वाटते. पण मला म्हातारं व्हायला कोणी सुट्टीच देऊन नाही राहिलं."

पेन्शनच्या नियमात एक गमतीची चढण आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तांना 80 व्या वर्षापासून मूळ पेन्शनच्या 20 टक्के जास्त मिळतात. 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरी गाठली की एकदम 100 टक्के. कुटुंबाच्या पेन्शनलाही तेच. म्हणजे मोठी आईनं अजून तीन वर्षं काढली तर मूळ पेन्शन दुप्पट. पोरं तिला चिडवतात, "तीन वर्षं काढ, मग एसी घेऊ." ती म्हणते, "एसी कोणासाठी? मला तर कूलरचा वाराच बोचते." हसण्यावारी जातं खरं. पण ज्यानं ही चढण आखली, त्याच्या घरी म्हातारं माणूस असलं पाहिजे. डायपर, औषधं, ताईचा पगार, सगळं वयाबरोबरच चढतं.

म्हातारपणावर पैसा लावणारा एक वकील फ्रान्समध्ये होऊन गेला. आर्ल नावाचं गाव. तिथं झान काल्माँ नावाची बाई 21 फेब्रुवारी 1875 ला जन्मली. आपल्याकडे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली, तेव्हा ती दोनेक वर्षांची होती. 1965 मध्ये नव्वदीच्या या बाईशी वकिलानं करार केला. दरमहा 2500 फ्रँक देईन, तू गेल्यावर घर माझं. वकील तेव्हा 47 वर्षांचा. आतबट्ट्याचा व्यवहार वाटणार तरी कसा? त्यानं 30 वर्षं पैसे भरले आणि 1995 मध्ये तोच गेला. पुढचे हप्ते त्याच्या बायकोनं भरले. बाई गेली 4 ऑगस्ट 1997 ला, 122 वर्षं 164 दिवसांची होऊन. खातरजमा झालेल्या वयांत इतकं वय आजवर दुसऱ्या कुणाचं नाही.

हा किस्सा सगळे हसत सांगतात. पण तिची एकुलती एक मुलगी 1934 मध्ये गेली, आणि एकुलता एक नातू 1963 मध्ये अपघातात गेला. त्यानंतर ती 34 वर्षं जगली. 122 चा आकडा सगळ्यांना पाठ आहे, हा 34 चा कुणाच्या तोंडी नाही.

विज्ञानाचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बेंजामिन गोम्पर्ट्झ या विमागणितीनं 1825 मध्ये दाखवून दिलं की मोठं झाल्यावर माणसाच्या मरण्याची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. आजच्या हिशेबानं साधारण दर आठ वर्षांनी. 2018 मध्ये इटलीतल्या 105 वर्षांवरच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही चढण 105 नंतर सपाट झालेली दिसली. पण सपाटी म्हणजे काय, तर दरवर्षी निम्मी शक्यता. वाढदिवस झाला की नाणं उडवायचं. छापा आला तर पुढचा केक.

[दृश्य: मोठी आई खाटेवर. हातात रिकामी साल.]

मी तिला विचारलं, सगळ्यात जास्त काय खुपतं? मला वाटलं, डोळे म्हणेल, गुडघे म्हणेल.

ती म्हणाली, "मला नावानं हाक मारणारं कोणी नाही राहिलं."

खरंच आहे. मोठी आई म्हणणारे आहेत, आई म्हणणारे आहेत, आजी म्हणणारे तर गल्लीभर. पण 'ए' लावून, नाव घेऊन, एकेरीत बोलावणारं माणूस वयानं मोठं लागतं, नाही तर बरोबरीचं. थोरला भाऊ काटोलला होता, तो गेला. इतवारीतली बालमैत्रीण दर एकादशीला फोन करायची. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तीही गेली. फोनवर ती काय नावानं हाक मारायची ते आम्ही कधी ऐकलं नाही, ती हाक फोनच्या आतच राहायची. कारण कागदोपत्री जे नाव आहे, ते लग्नात मोठ्या बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं.

पाच मुलांपैकी तीन तिच्या डोळ्यांदेखत गेली. त्याबद्दल ती बोलत नाही, आणि मीही विचारलं नाही.

[दृश्य: पवनार. धाम नदीचं पात्र, काठावर आश्रम.]

नागपूरहून दीड-एक तासावर हा वर्ध्याचा टापू. इथं किती जगायचं हा प्रश्न दोन माणसांनी आपापल्या परीनं हाताळला. सेवाग्रामला राहिलेले गांधीजी म्हणायचे, मला 125 वर्षं जगायचं आहे. काम तेवढं शिल्लक होतं. 1947 च्या ऑक्टोबरात, स्वतःच्या वाढदिवशी, ते म्हणाले की ती इच्छा आता उरली नाही. अंगातली ताकद सरली म्हणून नव्हे. भोवती जे चाललं होतं ते बघवेना म्हणून. पुन्हा तेच, पश्येम आधी.

दुसरे विनोबा. नोव्हेंबर 1982 मध्ये, 87 व्या वर्षी, हृदयविकारानंतर त्यांनी पवनारला अन्न आणि औषध थांबवलं. 15 नोव्हेंबरला, दिवाळीत, ते गेले. आणि याच्या अगदी उलट टोकाला महर्षी कर्वे. शंभरीत भारतरत्न घेतलं आणि 104 वर्षांपर्यंत जगले. म्हणून मला कुणी सरसकट 'नको रे बाबा' म्हटलं की पटत नाही, आणि कुणी सरसकट 'हवं' म्हटलं की त्याच्या घरी रात्री कोण उठतं, हे विचारावंसं वाटतं.

सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला. बरं होण्याची आशा संपल्यावर नळ्या लावून जीव धरून ठेवू नका, असं शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. काकांनी एकदा भीत भीत हा विषय आईपुढे काढला. ती म्हणाली, "लिही की. पण माझा अंगठा कोण घेईल? तो तर मशीनलाच चालत नाही."

[दृश्य: मारबतीची मिरवणूक. ढोल, गर्दी.]

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे मिरवणुकीनं निघतात. लोक ओरडतात, ईडापिडा, रोगराई, खोकला, घेऊन जा गे मारबत! मोठी आईला ते आवाज ऐकवायला दरवर्षी दारात खुर्ची टाकतात. यंदा ती मध्येच ओरडली, "मलाही घेऊन जा गे बाई!"

काका चिडले. "काय बोलून राहिली आई?"

"गंमत केली रे." मग थोडं थांबून, "यंदा पोळ्याच्या करंज्या कोणी केल्या? मीठ जास्त झालं सारणात."

मरण मागणारी बाई करंजीच्या मिठाची तक्रार करते, हे मला विसंगत वाटत नाही. दर नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, घरचे धास्तावलेले असतात. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, दर तासाला पन्हं. आणि तीच विचारते, "यंदा आंबे कसे आहेत?"

[दृश्य: अंगण. मोबाइलचा पडदा, त्यात मोठी आईचा चेहरा.]

आता दाखला. मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर गोल आला, त्यात तिचा चेहरा बसवायचा. खालून सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा. फोटो आहे की जिवंत माणूस, हे त्यावरून ओळखतात.

"मोठी आई, डोळे मीट."

तिनं मिटले.

"आता उघड."

उघडेना. ऊन तिच्या पापण्यांवर होतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. काका भिंत धरून उभे राहिले.

"मोठी आई?"

"थांब ना. ऊन बरं वाटून राहिलं."

मग उघडले. गोल हिरवा झाला. दाखला आला. मी तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. ती ऐकत राहिली.

"हे सासरचं," ती म्हणाली.

दुसरं संत्रं उचललं. नाकाशी नेलं. देठाची जागा चाचपता चाचपता तिनं माहेरचं नाव स्वतःच घेतलं, हाक मारल्यासारखं, 'ए' लावून. आमच्यापैकी कुणीच ते त्याआधी ऐकलं नव्हतं.