गुळाचं पाणी, रिठ्याचा फेस

[गुऱ्हाळ. पहाट. काहिलीवरची वाफ.]

चुलवाणात चिपाडं सारली जातायत. काहिलीतला रस उसळ्या घेतोय. रानभेंडीचा चीक पडला की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो. घटकाभरात रसाची काकवी होईल, काकवीचा गूळ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती याच गुळाच्या व्यापारासाठी. आज कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे.

यातली एक ढेप आज फरशी पुसायच्या कामी येणार आहे. तिचं बायोएन्झाइम करायचंय, म्हणजे गूळ आणि फळांच्या साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी.

[ढेपा. एक पिवळीधमक, एक काळपट.]

दोन ढेपा शेजारी ठेवून बघा. पिवळीधमक डोळ्यांत भरते, पण घ्यायची ती काळपट. रंग खुलवायला हायड्रॉस ही गंधकयुक्त पावडर मारलेल्या गुळात गंधकाचा अंश उरतो आणि आपल्याला ज्या सूक्ष्मजीवांकडून काम करून घ्यायचं आहे त्यांनाच तो मारक ठरतो. काळा गूळ स्वस्तही पडतो.

[स्वयंपाकघर. तराजू, साली, बाटली.]

माप एकच: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, एक लिटर पाणी. बाटली दोन लिटरची, रुंद तोंडाची आणि प्लॅस्टिकचीच. वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे.

साली संत्र्याच्या, मोसंबीच्या, लिंबाच्या. रसाच्या गाडीवर हव्या तेवढ्या मिळतात. मिसळीच्या ताटातल्या पिळलेल्या फोडी मात्र नकोत. त्यांना कट लागलेला असतो, ते तेल वर तरंगतं आणि खवट होतं. कुजकी, बुरशी आलेली साल एकही नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून मग वापरायचं. आधी गूळ विरघळवायचा, मग साली बारीक करून टाकायच्या.

[बाटलीचा जवळून शॉट. बुडबुडे.]

हा तिसरा दिवस. सालींवरचं यीस्ट गुळातली साखर खातंय. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे बुडबुडे त्याचेच. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, साली चमच्यानं खाली दाबायच्या, झाकण पुन्हा लावायचं. विसरलात तर बाटली फुगते. काचेची असेल तर फुटते, आणि ती फुटलेली काच जीवघेणी असते. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा झाकण उघडलं तरी चालतं. पुढं अल्कोहोलचं आम्ल होत जातं. तेच आपलं बायोएन्झाइम.

वर पांढरी साय आली तर घाबरू नका, ढवळून टाका. काळी बुरशी किंवा कुजका वास आला तर गूळ कमी पडलाय किंवा साली पाण्याबाहेर राहिल्यात. बुरशी काढून सुरुवातीला घातला तेवढाच गूळ पुन्हा घाला. आळ्या झाल्या असतील तर झाकण उघडं राहिलं होतं.

[पंचातून गाळणं. तपकिरी, पारदर्शक द्रावण.]

नव्वद दिवस. डिसेंबरात लावलेली बाटली पाडव्याच्या साफसफाईला तयार.

बादलीभर पाण्याला ५० मिली, फरशीसाठी. संडासात १०० मिली न मिसळता रात्री ओतायचं, सकाळी ब्रश मारायचा. नळावरचे पांढरे क्षार घालवायला फडकं त्यात भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवायचं.

पण कडाप्प्याच्या ओट्यावर आणि शहाबादी फरशीवर हे चालत नाही. दोन्ही चुनखडीचे दगड. आम्लानं त्यांची चकाकी जाते आणि ती परत येत नाही. संगमरवराचंही तेच. तिथं रिठ्याचं पाणी वापरा. आणि ब्लीचिंग पावडरबरोबर हे कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. घरात संसर्गाचं आजारपण असेल तर बायोएन्झाइमवर विसंबू नका, ते जंतुनाशक नाही.

[रिठे. मग पातेल्यातला फेस.]

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, म्हणून हा फेस. वीस रिठे फोडून बिया काढायच्या, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी पंधरा मिनिटं उकळून, कुस्करून गाळायच्या. हे पाणी भांड्यांना, लोकरीला, रेशमाला चालतं. सोनारही दागिने रिठ्यातच धुतात. फेस बाजारच्या लिक्विडपेक्षा कमी येतो म्हणून हात आखडू नका. मळ सॅपोनिन काढतं, फेसाच्या उंचीवर काही अवलंबून नाही. बाहेर ठेवलं तर तीन-चार दिवसांत आंबतं, वाटीभर बायोएन्झाइम घातलं तर जास्त टिकतं, पण मग ते कडाप्पा, शहाबादी, संगमरवरावर नको. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

[पितळेचा तांब्या. अर्धा काळा, अर्धा झळाळता.]

हा तांब्या मुद्दाम अर्धाच घासलाय. भिजवलेली चिंच आणि चिमूटभर मीठ, दोन मिनिटं. लगेच धुऊन कोरडा पुसला नाही तर हिरवट डाग पडतात. कल्हई आतून असेल तर चिंच बाहेरच लावा, नाहीतर कल्हई उतरते.

[पुन्हा गुऱ्हाळ. चुलवाणातली राख.]

आणि ही चिपाडांची राख. कापडानं चाळली की तेलकट कढया, तवे यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. राखेतले क्षार तेलाशी मिळून साबणासारखं काम करतात, वाळूचा अंश काजळी खरवडतो. म्हणूनच नॉनस्टिकला आणि काचेला ती लावू नका. घासायचं हातानंच, पण राखेचा हात लगेच धुवा, कातडी कोरडी पडते.

[पंचगंगा घाट.]

सांडपाणी नाल्यांतून इथं येतं. डिटर्जंटमधलं फॉस्फेट जलपर्णीला पोसतं.

[गाळून उरलेला चोथा.]

हा चोथा फेकू नका. निम्मा झाडांच्या मातीत पुरा. निम्मा विरजण म्हणून नव्या बाटलीत घाला, दुसरी खेप लवकर तयार होते. बाटलीवर तारीख लिहायची ती पेन्सिलीनं नको, ओल्या हातानं पुसते.